मोजणारे कुठे बसले होते?

४ फेब्रुवारी

नर्सबाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र फाडलं नसशील अशी आशा आहे. फाडलं असलंस तर पुढचं वाचायचा प्रश्नच नाही, तेव्हा मी अगदी मोकळेपणाने लिहिते.

सूनबाई म्हणायची आता सोय राहिली नाही. कोर्टाने माझ्या मुलाची बायको मोकळी केली, तिच्याबरोबर माझी सूनही गेली, आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही. निघताना तू म्हणालीस, "आई, त्या घरातलं मला आता काही नको. फोन नको, निरोप नको." मी मान डोलावली, कारण तुझा राग खरा होता. सुक्याबरोबर ओलंही जळतं, त्यातलं मी ओलं. वर्ष झालं त्याला. पण पत्र नको, असं तू म्हणाली नव्हतीस. तुमच्या वकिलांकडे बसून बसून मलाही फटी शोधायची सवय लागली आहे.

घाबरू नकोस. माझ्या मुलाबद्दल एक अक्षर लिहिणार नाही. माझी दुखणीखुपणीही नाहीत, कारण मी ठणठणीत आहे. मला फक्त एवढंच सांगायचं आहे की मी समितीवर गेले आहे.

बागेची नागरिक सल्लागार समिती. आपल्या घरामागची तीच बाग. नगरपालिकेला आम्ही सल्ला द्यायचा, तिने तो ऐकायचा किंवा नाही ऐकायचा, आणि दोन्ही बाजूंनी चहा प्यायचा. झालं असं की तळ्याजवळ नवे बाक आले. मी जाऊन बसले तर पाय लोंबकळायला लागले. जन्मभर खुर्च्यांच्या गाद्या शिवल्या, त्यामुळे बसणं या विषयात मला कोणी शिकवू नये. तरातरा समितीच्या खोलीत गेले आणि अध्यक्षांना म्हटलं, "हे बाक कोणी निवडले? जिराफाने?" अध्यक्ष म्हणजे चौकातले दातांचे डॉक्टर, ज्यांनी तुझी अक्कलदाढ काढली होती ते. ते म्हणाले, "बाई, एक जागा रिकामी आहे, येता का?" तक्रार करणाऱ्याला खुर्ची दिली की तो गप्प बसतो, असं त्यांचं गणित असावं. ते चुकलं.

आम्ही चौघं आहोत. डॉक्टर. शाळेतून निवृत्त झालेले कवायतमास्तर, ते अजून पहाटे उठून कुणाला तरी 'एक-दो' करायला लावतात. आणि हार्डवेअरच्या दुकानाचे मालक, ज्यांना मी मनात होयबा म्हणते. मास्तर म्हणाले झाडं छाटा, तर "होय होय". मी म्हटलं छाटू नका, तर "होय, तेही खरंच". माणूस इतका गोड की रागावताही येत नाही.

आमच्या समितीची एक रीत मला फार आवडली. ज्या गोष्टीबद्दल मत द्यायचं, ती आधी स्वतः वापरून बघायची. नुसतं बोलायचं नाही. घसरगुंडीचा विषय निघाला तेव्हा डॉक्टर कोट काढून वर चढले आणि घसरत खाली आले. अर्ध्यावर अडकले, तो भाग वेगळा. मास्तरांनी खालून पाय ओढून काढलं. ठराव झाला की घसरगुंडी अरुंद आहे. मी म्हटलं, डॉक्टर रुंद आहेत. ठरावात ते घेतलं नाही.

तर अशी मजा चालली आहे. उत्तराची अपेक्षा नाही. खोटं कशाला लिहू, आहे. पण सक्ती नाही.

छोटीला आजीचा पापा.

*

२६ फेब्रुवारी

नर्सबाई,

पहिलं पत्र परत आलं नाही, याचा अर्थ पोस्टमनला तू घरात सापडतेस. तेवढं पुरे.

आज जरा अवघड विषय आहे. वाळूच्या हौदाजवळ, त्या जुन्या दगडी भिंतीला पाठ लावून जो लाकडी बाक आहे ना, तो काढायचं चाललं आहे. हो, तुझाच. छोटी महिन्याचीही झाली नव्हती तेव्हा तू तिला घेऊन रोज तिथे जायचीस. रस्त्याकडून दिसत नाही, वारा लागत नाही. मी दुकान बंद करून यायचे आणि तू मला म्हणायचीस, "आई, पाच मिनिटं धरा, मी नुसती बसते." आणि खरंच नुसती बसायचीस. कधीकधी डोळे पुसायचीस. मी भिंतीकडे बघायचे.

मास्तरांना त्या जागी व्यायामाची यंत्रं हवी आहेत. त्यांचं म्हणणं, तो बाक कोणी वापरत नाही. मी म्हटलं, वापरतात. मग डॉक्टर म्हणाले, "वाद नको, मोजू या." रीतीप्रमाणे पाळ्या लागल्या. प्रत्येकाने आपल्या वेळेला तिथे जाऊन बसायचं आणि कोण कोण येऊन बसतं ते बघायचं.

खरं सांगते, माझी पाळी म्हणजे सुट्टीच होती. डबा नेला, विणकाम नेलं, थर्मास नेला. पाठीला टेकायला उशी नेली. दुपारभर उन्हात आरामात बसले. एकही माणूस आला नाही ग. एक पोरगी तेवढी बाळाची गाडी ढकलत दोनतीनदा समोरून गेली. माझ्याकडे बघून हसली, पुढे गेली, परत आली, पुन्हा गेली. मला वाटलं, बाळाला झोपवत फिरत असेल. डॉक्टरांच्या पाळीत कोणी नाही. होयबांच्या पाळीत कोणी नाही. मास्तरांनी तर तिथे पाय लांब करून वर्तमानपत्र वाचून काढलं, त्यांच्याही पाळीत कोणी नाही.

मग मी काय करणार? सल्लागाराने भावना बाजूला ठेवायची असते. मी हात वर केला. बाक काढावा, अशी शिफारस नगरपालिकेला गेली. एप्रिलमध्ये नागरिकांची खुली सभा आहे, तिथे ती कायम झाली की संपलं.

घरी आले आणि जेवण गेलं नाही. बाकासाठी कोणी रडतं का? पण मला वाटलं, तुझी इथली शेवटची खूण मीच हात वर करून पुसली.

बाकी छान. घराला रंग लावणं चाललं आहे, सगळं सामान मधल्या खोलीत आलं आहे आणि मी शिवणयंत्राखाली झोपते म्हटलं तरी चालेल. मागच्या खोलीला फिका पिवळा देतोय.

छोटी आता वाचायला लागली असेल. तिला सांग, आजीचं अक्षर वाईट आहे, त्याचा दोष तिला नको.

*

१५ मार्च

नर्सबाई, नर्सबाई!

काल तुझं कार्ड आलं. वर मायना नाही, खाली सही नाही, मध्ये एकच ओळ: 'मोजणारे कुठे बसले होते?'

मी ती वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग एकटीच इतकी हसले की रंगारी शिडीवरून उतरून बघायला आला, म्हातारीला काय झालं म्हणून.

आम्ही बाकावर बसलो होतो! चार शहाणे, पाळीपाळीने, डबे आणि उशा घेऊन दिवसभर त्या बाकावर पसरलो, आणि लिहून दिलं की बाकावर कोणी बसत नाही! ती पोरगी बाळाला झोपवत नव्हती. ती मी कधी उठते याची वाट बघत होती. आणि मी तिला हसून हात हलवत होते.

तुझ्या वॉर्डात तू नव्या मुलींना सांगायचीस ते आठवलं, रक्तदाब घेताना पेशंटशी गप्पा मारू नका, आकडा तुमचा येतो, त्याचा नाही. आमचाही आकडा आमचाच आला.

कार्ड घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांच्या खुर्चीत एक माणूस तोंड उघडून पडला होता. डॉक्टरांनी कार्ड वाचलं आणि त्यांचंही तोंड तसंच उघडं राहिलं. होयबा म्हणाले, "होय होय, बरोबरच आहे, आपणच तर बसलो होतो." जणू त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मास्तर मात्र लाल झाले. म्हणाले, "हे आधी का नाही सुचलं कुणाला?" मी म्हटलं, "आपण चौघं मिळून जेवढे शहाणे आहोत, तेवढंच सुचणार."

मग पुन्हा मोजलं. या वेळी माळ्याच्या अवजारांच्या खोलीत खिडकीआड बसून. काय सांगू! सकाळी ती गाडीवाली पोरगी. तिच्या मागोमाग आणखी एक, बाळ पोटाशी बांधलेलं. दोघी एकमेकींना ओळखत नव्हत्या, दुपारपर्यंत एकीचं बाळ दुसरीच्या मांडीवर. मग एक आजोबा, हळूच बूट काढून पाय चोळत बसले. शाळा सुटल्यावर तर बाकावर बसायला रांग. मास्तर खिडकीतून बघत होते, शेवटी म्हणाले, "माझ्या यंत्रांसाठी फाटकाजवळची जागा काही वाईट नाही." माणूस हट्टी आहे, पण डोळ्यांनी बघितलेलं नाकारत नाही.

आता अडचण अशी की शिफारस गेली ती गेली. समितीला स्वतःच्याच शिफारशीवर आक्षेप घेता येत नाही. खुल्या सभेत कुणा नागरिकाला उठून सांगावं लागतं, आणि ज्याचा आक्षेप त्याला स्वतः यावं लागतं.

चूक तू पकडलीस. तू येशील का? सभा २० एप्रिलला आहे, संध्याकाळी. रात्रीची परतीची गाडी मिळते, मी चौकशी केली आहे.

*

२ एप्रिल

नर्सबाई,

या वेळी पाकीट आलं, आणि आत चांगली अर्धा पान रागावलेली तू. बरं वाटलं. गप्प बसलेल्या तुझी मला जास्त भीती वाटते.

तू लिहितेस, 'नातीला भेटायचं असेल तर सरळ तसं लिहा. बाकाचं निमित्त कशाला? आणि घराला रंग कशासाठी लागतोय तेही मला कळलं आहे.'

सरळ विचारलंस, सरळ सांगते.

रंगाचं खरं आहे. तो पुढच्या महिन्यात लग्न करतोय. चष्म्याच्या दुकानात काम करणारी आहे, शांत आहे, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत नाही. मी तुझ्यापासून ते लपवलं, कारण मला वाटलं, हे कळलं की तू म्हणशील, चला, आता म्हातारीला नवी सून मिळाली, माझी सुटका झाली. पत्रं उघडायचीही बंद करशील. म्हणून रंग लिहिला आणि रंगाचं कारण खाल्लं. तुझी नणंद तुझ्याशी अजून बोलते हे मी विसरले. तिच्या पोटात काही राहत नाही, लहानपणापासून.

आता निमित्ताचं. हो, निमित्तच आहे. सभेत बोलायला इथल्या बाया मिळाल्या असत्या. ती गाडीवाली पोरगी तर विचारलं तेव्हा लगेच तयार झाली. मीच तिला म्हटलं, थांब, आधी एकीला विचारते. मला तू हवी होतीस.

आणि नातीचं. छोटीची आठवण येते, येणारच. पण पोरी, तिची मला काळजी नाही. ती माझ्या रक्ताची आहे. आज नाही तर उद्या मोठी होईल, माझं नाक तिच्या चेहऱ्यावर घेऊन आरशासमोर उभी राहील आणि विचारेल, हे कुणाचं? ती मला शोधत येईल. तू कशाला येशील? तुझं माझं रक्त नाही. कागद होता, तो फाटला. उद्या रस्त्यात भेटलीस आणि तोंड फिरवून गेलीस, तरी जगात कुणी तुला दोष देणार नाही. लोक म्हणतील, बरोबरच आहे, ही तिची कोण?

लग्न होऊन आलीस तेव्हा मला वाटलं होतं, एक परकी पोरगी घरात वावरणार. मग तू दुकानात येऊन बसायला लागलीस. नवऱ्याशी भांडलीस की जुन्या खुर्चीचे खिळे उपटत बसायचीस, एक शब्द न बोलता, आणि मी शेजारी कापड कापायचे. एवढ्या वर्षांत माझ्या दुकानात कोणी असं बसलं नव्हतं. माझी मुलगीसुद्धा नाही. आता खिळे मी एकटीच उपटते. काम होतं ग, काम काय होतंच.

तेव्हा नातीला भेटायचं म्हणून नाही लिहीत. तुला लिहितेय. तुला माझं कोणीच राहायचं नसेल तर तसं कळव, मी पत्रं थांबवीन आणि त्या गाडीवाल्या पोरीला सभेत उभी करीन. रुसणार नाही. एक-दोन दिवस रुसेन.

*

२४ एप्रिल

नर्सबाई,

गाडीत जागा मिळाली का? छोटी मैत्रिणीकडे नीट राहिली का? फलाटावर तू हात हलवलास आणि मी बघत उभी राहिले, गाडी गेल्यावरही. हमाल म्हणाला, "आजी, गेली ती." मी म्हटलं, "गेली नाही, आली होती." तो बिचारा काही न समजून हसला.

सभेत तुला माझा चेहरा दिसला नाही, म्हणून लिहून ठेवते.

तू मागच्या रांगेत बसलीस, तेव्हा मी घाबरले होते. बाकासाठी नाही. मला नियम आठवला होता, जो तुला कळवायचा राहून गेला: बाहेरगावच्या माणसाला सभेत बोलता येत नाही. सभासदाच्या घरचं माणूस असेल तरच येतं. तू उभी राहिलीस आणि डॉक्टरांनी (ते दाढा ओळखतात, चेहरे नाही) विचारलं, "आपण? राहता कुठे?" तू गावाचं नाव सांगितलंस. डॉक्टर ओशाळून म्हणाले, "मग बोलता नाही येणार हो. म्हणजे, इथल्या कुणाच्या घरच्या असाल तर गोष्ट वेगळी."

त्या क्षणी मी ठरवलं होतं, उठून सांगायचं की ही माझ्या ओळखीची आहे, नियम राहू दे बाजूला, तिच्या वतीने मी बोलते. तुला अवघडायला नको. मी खुर्चीतून अर्धी उठलेही होते.

आणि तू म्हणालीस, "मी ह्यांची सून."

खोलीत सगळ्यांना माहीत आहे, माझ्याकडे लग्न आहे. पत्रिका त्यांच्या घरी पोचल्या आहेत. डॉक्टर भले गृहस्थ, पण जीभ घसरलीच त्यांची. "पण त्यांच्या मुलाचं तर पुढच्या..."

"हो, कळलंय मला," तू म्हणालीस. "त्यांच्या मुलाशी माझा काही संबंध नाही. मी ह्यांची सून आहे."

तेव्हा मी खाली वाकून पिशवीत काहीतरी शोधत होते, ते काहीही शोधत नव्हते. होयबा माझ्या कानात म्हणाले, "होय होय, बाई, शोधा निवांत." डोकं वर काढलं तेव्हा डॉक्टर कारकुनाला सांगत होते, "लिहा, घरच्या." मग तू बोललीस, सगळी खोली हसली, मास्तर सर्वांत मोठ्याने हसले, बाक राहिला. ते सगळं तुला माहीतच आहे.

तू गेल्यावरचं माहीत नाही. चहाच्या वेळी मास्तर जवळ आले, घसा खाकरला आणि म्हणाले, "मुलीसारखी आहे तुमची." मी म्हटलं, "नाही. मुलगी आहे मला एक, ती वेगळी. ही सून आहे." त्यांना फरक कळला नसावा. त्यांनी बिस्कीट घेतलं.

घरी सांगितलं. चष्मेवाली आली होती, म्हणाली, "मग मी कोण?" मी म्हटलं, "तूसुद्धा सून." मुलगा एक आणि सुना दोन, माझ्या वयाच्या बायकांत एवढी श्रीमंती कुणाकडे नाही. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "त्यांचा चष्म्याचा नंबर विचारून ठेवा." बघ, तिचं प्रेम असंच बोलतं. मुलगा बाहेर जाऊन उरलेला रंग ढवळत बसला. बोलेल कधीतरी.

आता ऐक. पुढच्या बैठकीत पाण्याच्या नळाचा विषय आहे, आणि त्याच आठवड्यात माझ्याकडे सहा खुर्च्या येणार आहेत, जुन्या, खिळ्यांनी भरलेल्या. तुझी सुट्टी असेल तर ये. छोटीला आणलंस तर उत्तम.

नाही आणलंस तरी ये.

आई